न सोललेला खुंट

आमच्या हाल्दिकला कोणी नवखा आला की कॅफेच्या खिडकीतून कुरणाकडे बघतो आणि हमखास विचारतो, "ते एकच झाड मधोमध कसं हो?" वाळुंजाची आमच्याकडे वाण नाही. प्रत्येक कालव्याच्या काठाला त्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. पण कुरणाच्या पोटात, एकटं, असं दुसरं नाही.

ते माझ्या भावानं लावलं. लावलं म्हणजे खुंट म्हणून ठोकलं. त्या खुंटापायी तीन परकी पोरं बुडाली आणि एका भल्या माणसाचं नाव चिखलात गेलं. तो भला माणूस एलोआ दुक्रोक. माझा भाऊ ओमेर फास्केल. आणि मी लिओनी, ओमेरची थोरली बहीण, ह्या कॅफेची मालकीण. आता कॉफी घ्या आणि मध्ये बोलू नका, नाहीतर मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

ओमेर काटकुळा होता, हात गुडघ्यापर्यंत लांब. डाव्या कानानं ठार बहिरा, म्हणून सैन्यानं परत पाठवला. वाळुंजाच्या फोकांचे पिंजरे विणायचा आणि त्यात वाम धरायचा. वाम धरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. मन लोण्याचं. कोणाकडे आजारी माणूस आहे म्हटलं की दोन वाम त्यांच्या दाराला लटकवून यायचा, नावही सांगायचा नाही. एकच खोड होती. मासे कुठं धरतोस असं विचारलं की त्याचा उजवा कानही बहिरा व्हायचा. बापानं विचारलं तरी सांगितलं नव्हतं. मरताना बाप म्हणाला, "तुझी जागा तुझ्याबरोबर पुरतील रे." आणि ओमेर लाजून हसला होता.

चव्वेचाळीस साल उजाडलं आणि जर्मनांनी कालव्यांचे दरवाजे बंद केले. जवळच्या काले शहराच्या बंदरावर जमिनीकडून कोणी चालून येऊ नये म्हणून मागचा सगळा सखल मुलूख त्यांनी पाण्याखाली घातला. समुद्राचं नाही, कालव्यांचंच गोडं पाणी. गहू गेला, बीट गेलं, कुरणं गेली. आमचं गाव तेवढं उंचवट्यावर, बाकी सगळीकडे गुडघाभर, मांडीभर पाणी. त्या पाण्यातून वाम नांगरलेल्या शेतांत शिरले. माणसं उपाशी आणि मासे मात्र माजलेले.

गावातून साखर कारखान्याकडे जाणारा फरसबंदी रस्ताही बुडाला. त्या रस्त्याची निगा एलोआकडे. सरकारी नोकर, पन्नाशीचा, बुटका, छाती पिंपासारखी. रस्ता म्हणजे जणू त्याच्या घरातलं जेवणाचं टेबल. कोणी शेण सांडलं तर शिव्या द्यायचा. पाणी चढलं तसे त्यानं रस्त्याच्या डाव्या कडेनं खुंट ठोकले, म्हणजे गाडीवाल्याला कळावं की खुंटाच्या पलीकडे कालवा आहे. वाळुंजाचेच, दुसरं लाकूड कुठलं मिळायला? पण वाळुंजाचा ओला फोक चिखलात खोचला की महिन्याभरात पालवी धरतो, म्हणून एलोआ एकेक खुंट चाकूनं सोलायचा. पांढरा स्वच्छ करायचा आणि वरच्या टोकाला तीन खाचा पाडायचा. लोक चेष्टा करायचे, "एलोआ, खुंटाचं बारसं कधी?" तो म्हणायचा, "माझ्या खुंटाला पान फुटलेलं दाखव, मिशी काढतो."

पण खरं सांगू? आमच्या गावचं कोणी त्या खुंटांकडे बघतच नव्हतं. आम्ही चालायचो पायांनी. लाकडी बूट पाण्याखालच्या दगडावर टकटक वाजतात. टकटक थांबली, पाय मऊ लागला, की मागे फिरायचं. खुंट होते ते परक्यांसाठी.

आणि परके यायला लागले. कालेतली उपाशी माणसं रबरी बूट घालून, खुंटांच्या कडेकडेनं, वाम शोधत. रस्त्याला मध्ये एक वळण आहे. तिथं पूर्वी क्रूस होता, उन्हाळ्यात जर्मनांनी तो पाडला. वळणाखाली मोरी आहे आणि त्या मोरीच्या तोंडाशी ओमेरची जागा होती. बापालाही न सांगितलेली. खुंट परक्यांना नेमके तिथंच घेऊन यायचे.

तर ऑगस्टच्या शेवटी ह्या शहाण्यानं वळणावरचे सात खुंट उपटले आणि वळणाऐवजी सरळ पुढे, विधवा मार्सीच्या कुरणात, ओळीनं ठोकून दिले. कुरणात पाणी गुडघाभर. परके लोक सरळ जातील, काही मिळणार नाही, कंटाळून परततील. कुरणाच्या शेवटी जुन्या वीटभट्टीचा खड्डा आहे, दोन पुरुष खोल. त्याच्या चाळीस पावलं अलीकडे ह्यानं ओळ थांबवली. "तेवढी अक्कल होती मला," असं नंतर म्हणाला. उपटताना एक खुंट मोडला. त्याच्या बदल्यात ह्यानं काठावरचा एक फोक तोडला आणि तसाच, सालीसकट, सगळ्यात शेवटी ठोकला. आपल्या गावचं कोणी फसणार नाही हे त्याला माहीत होतं. कोणी फसलंही नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. एलोआच्या पायावर त्याआधीच कुऱ्हाड पडली होती, तो घरातून कॅफेत आणि कॅफेतून घरात एवढंच करत होता.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक की वाम येतात, मी ते धुरावर धरते आणि माळ्यावर टांगते. सत्तर-ऐंशी होते. गावाला त्याचा पत्ता नव्हता. हिवाळा यायचा होता आणि मी काही संत नाही.

सप्टेंबरात कॅनडावाले आले आणि आमच्याकडचे जर्मन कालेत पळाले. आम्ही सुटलो. पण त्या सैन्याला पेट्रोल आणि पाव उतरवायला बंदरं हवी होती, आणि बंदरांत जर्मन दडून बसलेले. एकेक करून घेत ते किनाऱ्यानं वर सरकत होते. आव्र पडलं. बुलोन पडलं. आता कालेची पाळी होती. आमच्याकडे रोज तोफा ऐकू यायच्या आणि कपबशा फळीवर वाजायच्या.

त्याच सुमारास एका रविवारी चर्चमधल्या मासनंतर कॅफे भरला होता. तेतारआजीनं सगळ्यांदेखत ओमेरला धरलं. "काय रे, सगळ्या गावाची आतडी वाळली आणि तुझ्या अंगाला मात्र वामाचा वास! कुठं धरतोस ते तरी सांग, आमची माणसं जातील."

"कुठंच नाही, आजी. जागाबिगा काही नाही."

"घे शपथ."

आणि ओमेरनं ह्या इथं, ह्याच टेबलावर हात ठेवून शपथ घेतली. मी गल्ल्यामागे उभी राहून ग्लास पुसत होते. माझ्या डोक्यावर, माळ्यात, सत्तर वाम लटकत होते.

पुढच्या रविवारी दुपारी एक तरुण कॅनडावाला अधिकारी चौघांना घेऊन आला. फ्रेंच बोलायचा, पण आमच्या आजोबांच्या वेळचं, जुन्या वळणाचं. आम्हाला हसू यायचं आणि डोळे भरूनही यायचे. सोमवारी पहाटे कालेवर हल्ला होणार होता. आमच्या बाजूनं थोड्या लोकांनी कारखान्याकडे जाऊन जर्मनांचं लक्ष वेधायचं, असं त्याचं काम होतं. साखळीच्या चाकांची उघडी गाडी घेऊन जाणार होता. रस्ता कुठाय एवढंच त्याला हवं होतं.

एलोआनं पाय खुर्चीवर ठेवला होता. त्याची छाती फुगली. "साहेब, रस्ता माझा आहे. पाय धड असता तर पुढं चाललो असतो. पांढरे खुंट डाव्या हाताला ठेवा आणि डोळे मिटून जा. एकेक खुंट मी ह्या हातानं ठोकलाय."

"धुकं असलं तर?"

"धुक्यासाठीच तर पांढरे केलेत!"

सगळे हसले. ओमेर टेबलाच्या टोकाला माझ्याशेजारी बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर चेहरा पिठासारखा. त्यानं तोंड उघडलं. "ते खुंट..." एवढंच म्हणाला.

एलोआ वळला. "काय रे ओमेर? माझ्या खुंटात खोट काढतोस?"

आता ऐका. मला वाटलं, हा लोण्याचा गोळा विरघळला. सैनिकांना बघून हा आता माळ्यावरचे वाम काढून देणार, आणि गेल्या रविवारची शपथ खोटी पडणार, आणि तेतारआजी मला जन्मभर बोलून दाखवणार. मी टेबलाखालून त्याच्या पायावर माझा बूट ठेवला आणि दाबला. लाकडी बूट. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले.

"काही नाही," तो म्हणाला. "खुंट चांगले आहेत."

अधिकाऱ्यानं एलोआशी हात मिळवला आणि ते गेले. मग ओमेरही उठला. खुंट परत लावायला गेला होता, पण जर्मनांनी संध्याकाळपर्यंत त्या पाण्यावर तोफा चालवल्या. तो कालव्याच्या बांधाच्या आडोशाला बसून राहिला आणि परत आला. सैनिकांच्या तंबूपर्यंत जाऊन सांगता आलं असतं. ते शंभर पावलांवर होते. का नाही गेला, असं मी त्याला एकदाच विचारलं. म्हणाला, "मला वाटलं, उजेड असेल. मला वाटलं, त्यांना कळेल."

सोमवारी धुकं होतं. गाडी खुंट धरून सरळ कुरणात गेली, शेवटचा खुंट साखळीखाली चिखलात दडपला आणि चाळीस पावलांवर गाडी खड्ड्यात पडली. अधिकारी आणि एक जण पोहून निघाले. तिघे निघाले नाहीत. दुपारी आमच्या लोकांनी त्यांना गळ टाकून काढलं आणि इथं आणलं. मी घरातल्या चादरी दिल्या. एकाच्या खिशात माझ्या कॅफेतलं साखरेचं पाकीट होतं, आदल्या दिवशीचं, विरघळलेलं.

अधिकारी ओलागच्च. एलोआसमोर उभा राहिला. ओरडला नाही. "तुम्हीच लावलेत ना?"

एलोआला होडीत घालून नेलं. त्यानं सहा खुंट बघितले, पांढरे, तीन-तीन खाचांचे. सातवा चिखलात होता, तो कोणाला दिसला नाही. एलोआनं खाचांवरून बोट फिरवलं. "माझेच आहेत," तो म्हणाला.

त्या आठवड्यात काले पडलं. माणसं नाचत होती आणि हिशेबही चुकते करत होती. जर्मनांशी कोणाचं गूळपीठ होतं ते शोधायला समित्या झाल्या. एलोआनं चार वर्षं सरकारी रस्ता राखला, म्हणजे जर्मनांचाच राखला, मग खुंट मुद्दाम लावले असणार! त्याला धरून नेला. पुढच्या मंगळवारी धुराच्या खोलीत ओमेरनं मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मी जातो. सांगतो त्यांना."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "जा आणि भिंतीला लावून गोळी खा! एलोआचे हात स्वच्छ आहेत, तो सुटेल. तू खोटी शपथ घेतलीयस, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? गप्प बस."

मी त्याचा जीव वाचवत होते, हे खरं आहे. माझी अब्रूही वाचवत होते, हेही खरं आहे. दोन्हीतलं जास्त कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही.

एलोआ सुटला, पाच आठवड्यांनी. पुरावा नव्हता. पण नोकरी गेली. त्याच्या दारावर कोणीतरी डांबरानं "गद्दार" लिहिलं. त्याची पोरगी एदमे, तिचं लग्न ठरलं होतं अर्द्र गावच्या लोहाराच्या मुलाशी. त्यांनी लग्न मोडल्याचा निरोपही पाठवला नाही. एलोआ कॅफेत आला की टेबलं हळूहळू रिकामी व्हायची. मी त्याला कॉफी द्यायची आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही.

सगळ्यात वाईट काय, तर त्याला स्वतःला ते पटलं. "मार्चमध्ये पाणी आधीच चढलं होतं," तो ओमेरला सांगायचा. "वळण दिसत नव्हतं. मला ताप होता आणि मी दोन घोट जिनही घेतली होती. चुकलो असणार. दुसरं काय?" आणि ओमेर मान खाली घालून म्हणायचा, "होतं असं, एलोआ." माझा भाऊ त्या माणसाचं सांत्वन करत होता! मी तेव्हा उठून आत भांडी घासायला जायची.

पाणी उतरलं. वसंतात कुरणात, चिखलात दडपलेल्या त्या सातव्या खुंटाला पालवी फुटली. मी ओमेरला म्हटलं, "उपटून टाक." त्यानं उपटलं नाही. उलट दर हिवाळ्यात कोयता घेऊन जायचा आणि त्याच्या फांद्या छाटायचा, सगळे वाळुंज छाटतात तशा. "कोणीतरी विचारू दे," म्हणायचा. "एलोआचे खुंट सोललेले असतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. कोणीतरी बघून विचारू दे." गाव पायांनी चालतं, मी सांगितलंच. कोणी विचारलं नाही. एलोआ त्या कुरणाकडे तोंडसुद्धा करायचा नाही.

दर सप्टेंबरात एलोआ सायकलवरून कॅनडावाल्यांच्या दफनभूमीत जायचा, त्या तीन दगडांवर आपल्या बागेतली डेलियाची फुलं ठेवायला. ओमेर बरोबर जायचा आणि पाण्याची झारी उचलायचा. त्याची बाग खणायचा, लाकडं फोडायचा. लग्न केलं नाही. वाम धरणं त्यानं त्या सोमवारीच सोडलं. माळ्यावरचे मी एकेक करून पुरले. खाल्ले असते तर बरं झालं असतं का, कोण जाणे.

अशी एकोणीस वर्षं गेली. त्रेसष्ट साली ते दोघे दफनभूमीतून परतले आणि ह्या टेबलाशी बसले. एलोआ सत्तरीला टेकला होता, हात थरथरायचे. कॅफेत सात-आठ माणसं होती. ओमेर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "एलोआ, खुंट मी हलवले होते. वामाच्या जागेसाठी. तू काही चुकला नव्हतास."

एलोआनं त्याच्याकडे बघितलं आणि हसला. फार प्रेमानं हसला. "अरे वेड्या, इतकी वर्षं माझ्यासाठी राबलास, आता माझं पापही डोक्यावर घेतोस? खुंटांवर माझ्या खाचा होत्या. मी बोट फिरवून बघितलंय."

"खरं सांगतोय! लिओनीला विचार. लिओनीला सगळं माहीत आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेतारआजीची नात होती. नवा मास्तर होता. एलोआ पण बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं, इतकंसं. मला एक शब्द बोलायचा होता. "हो." एवढाच.

मी म्हटलं, "ओमेर, ऊन लागलंय तुला. बस, कॉफी घे."

एलोआनं त्याचा हात थोपटला. "बघ," म्हणाला.

त्याच हिवाळ्यात एलोआ गेला, आपणच तीन पोरांना मारलं असं समजून. ओमेर त्यानंतर पाच वर्षं जगला. रोज सकाळी इथं यायचा, कॉफी प्यायचा, कप उलटा ठेवायचा आणि जायचा. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शेवटच्या आजारात मी उशाशी बसले, त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि माफी मागितली. त्यानं डावा कान माझ्याकडे केला. मागे माझ्यासाठी फक्त कोयता ठेवून गेला. तेव्हापासून ते झाड मी छाटते. एकसष्ट वर्षांची बाई शिडीवर चढून झाड छाटते, गावाला वाटतं भावाच्या मायेनं.

गेल्या महिन्यात एका रविवारी एदमे आली. पन्नाशीला आली आहे, केस पांढरे, एकटीच राहते. वडिलांच्या कपाटात चाकू सापडला म्हणाली, खुंट सोलायचा, तो मला दाखवायला आणला होता. पातं झिजून बोटाएवढं राहिलेलं. तिनं तो टेबलावर ठेवला आणि खिडकीतून बघत सहज म्हणाली, "लिओनीमावशी, ते झाड तिथं मधेच कसं?"

सत्तावीस वर्षांत गावातल्या कोणीतरी पहिल्यांदा विचारलं.

मी सांगितलं. हळू आवाजात, गल्ल्यावर वाकून, कारण मासनंतरची गर्दी होती. खुंट, वाम, माझा बूट, धुराची खोली, "ऊन लागलंय तुला." सगळं. ती रडली नाही. चाकूची मूठ उलटसुलट करत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबांना डाग लागला तो ह्या टेबलावर, सगळ्यांसमोर. आणि तुम्ही माझ्या कानात कुजबुजताय?"

"अगं, पण आता..."

"दार उघडा, मावशी. बाहेर उभे आहेत त्यांनाही आत बोलवा. आणि मोठ्यानं सांगा."

मी गल्ल्यामागून बाहेर आले आणि दार उघडलं. हातातलं फडकं कुठं ठेवावं कळेना, म्हणून खांद्यावर टाकलं आणि बोलायला लागले. त्या दिवसापासून जो विचारेल त्याला सांगते. एदमे दर रविवारी येते, त्या खुर्चीत बसते आणि मी काही गाळत नाही ना ते ऐकते.